रोमन नाणी घेऊन बसलेय, आता ओळखू कशी?

यॉर्कची_सून:
नमस्कार मंडळी. तीन वर्षांपासून यॉर्कमध्ये आहे. याच गावात ३०६ साली सैन्याने कॉन्स्टन्टाइनला सम्राट केलं, त्याचा पुतळा रोज ऑफिसला जाताना दिसतो. त्याचाच परिणाम असावा, परवा एका नाणेमेळ्यात दहा मळकट रोमन नाणी उचलली. तांब्याची, नखाएवढी. त्यातलं एक बरं दिसतंय: एकीकडे मुंडकं, दुसरीकडे दोन भालेवाले आणि मध्ये काठ्या. ओळखायची कशी? साफ कशाने करू? पुढची कुठून घेऊ? (दोन लिंबाच्या रसात घालून झालीत. ओरडू नका.)

ढब्बूपैसा:
लिंबू! पितांबरी नाही लावलीत हे नशीब. तो हिरवा-तपकिरी थर सतराशे वर्षांत बसलाय आणि अक्षरं बरेचदा त्या थरातच शिल्लक असतात. आम्लाने थर गेला की अक्षरंही गेली. उरलेली आठ डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाका, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, महिनाभर कळ काढा. मग भिंगाखाली टूथपिकने फक्त माती उकरा. कुठे पिस्त्याच्या रंगाची पूड सुटताना दिसली तर ते नाणं लगेच वेगळं ठेवा. क्लोराइडमुळे होतं ते, दमट हवेत वाढतं आणि नाणं पोखरून काढतं.

ओळखायला चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, त्या काळचे चेहरे सगळे एकाच साच्यातले. मागची बाजू बघा. तुमचं ते बहुतेक 'ग्लोरिया एक्सेर्सितुस', म्हणजे सैन्याचा गौरव. मधल्या काठ्या ही सैन्याची निशाणं, ती मोजा. दोन असतील तर ३३० ते ३३५, वजन साधारण अडीच ग्रॅम. एकच असेल तर त्यानंतरचं आणि दीडेक ग्रॅमचं. मग शिपायांच्या पायाखालची रेघ बघा, तिच्याखाली टांकसाळीचं नाव असतं. चेहऱ्याभोवतीची अक्षरं डावीकडून खालून सुरू होऊन घड्याळासारखी फिरतात, आणि 'यू'च्या जागी 'व्ही' असतो. जेवढी लागतील तेवढी इथे लिहा.

गोदाकाठ:
जरा अवांतर. आमच्याकडे जुन्या बाजारात 'रोमन' म्हणून जे खपवतात ते पुष्कळदा पश्चिमी क्षत्रपांचं चांदीचं नाणं असतं. राजाचं डोकं आणि भोवती मोडकीतोडकी ग्रीक अक्षरं बघून माणूस फसतो. खरं तर तेच गोळा करावं असं माझं मत. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपान या क्षत्रप राजाची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. एकाच नाण्यावर दोन राजे!

ढब्बूपैसा:
गोदाकाठ, वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

जुनी_पेटी:
खरेदीबद्दल. न धुतलेल्या नाण्यांचे ढीग पुन्हा घेऊ नका, चांगली आधीच काढून घेतलेली असतात. त्याच पैशात ओळख पटलेलं एकच नाणं घ्या, आणि अस्सल नसल्यास कधीही परत घेण्याची लेखी हमी देणाऱ्याकडूनच. मी पहिल्या वर्षी चांदीचा दिनार घेतला. कडेला बारीक शिवण आणि पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे, म्हणजे साच्यात ओतलेला. रोमन नाणी ठोकून पाडायचे, ओतून नव्हे. तो अजून ठेवलाय, नवख्यांना दाखवायला. मऊ पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. आणि नाणी भारतात आणणार असाल तर एक लक्षात ठेवा: १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांवरची नाणीही पुरावशेषांत येतात, मनाला आलं म्हणून परत बाहेर नेता येत नाहीत.

यॉर्कची_सून:
काठ्या दोन आहेत. चेहऱ्याभोवती 'कॉन्स्टन्टीनुस', पुढे 'आय व्ही एन', मग 'नोब' आणि 'सी'. आणि पायाखाली, थट्टा नाही, चक्क 'टीआरपी'.

ढब्बूपैसा:
मस्त वाचलंत! टीआर म्हणजे ट्रियर, आता जर्मनीत आहे. पी म्हणजे प्रीमा, टांकसाळीचा पहिला विभाग. पण 'आय व्ही एन' म्हणजे इउनिओर, धाकटा, आणि 'नोब सी' म्हणजे नोबिलिस्सिमुस कैसर, युवराजाची पदवी. हा तुमच्या पुतळ्यातला नाही, त्याचा मुलगा, दुसरा कॉन्स्टन्टाइन. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची 'ओसीआरई' ही रोमन नाण्यांच्या सूचीची साइट फुकट आहे, तिथे हीच अक्षरं टाकून फोटोशी ताडून बघा.

यॉर्कची_सून:
म्हणजे आठवडाभर येता-जाता पुतळ्याला सांगतेय की तुझं नाणं आहे माझ्याकडे, आणि निघालं पोराचं! बाकीची सात पाण्यात आहेत. लिंबातली दोन शर्टाच्या बटणासारखी गुळगुळीत झालीत, त्यांचं काही विचारू नका.