मदत हवी आहे: रिकामा ट्रेलर घाटात घडी होऊन आडवा झाला, दोष एक्झॉस्ट ब्रेकचा की ट्रेलरच्या ब्रेकचा?

नमस्कार. माझे दोन ट्रेलर नाशिक ते न्हावा शेवा या मार्गावर चालतात. जूनमधल्या पहिल्याच पावसात त्यांपैकी एक, अंबड औद्योगिक वसाहतीत माल उतरवून चाळीस फुटी रिकामा कंटेनर परत नेत असताना, कसारा घाटातल्या उतारावर जॅकनाइफ झाला. म्हणजे पुढचा हॉर्स (इंजिन आणि केबिन असलेली ओढणारी गाडी) आणि मागचा ट्रेलर मिटलेल्या चाकूसारखे एकमेकांवर आले. केबिनचा डावा मागचा कोपरा कंटेनरच्या पत्र्यात वीतभर रुतला होता. चालकाच्या खांद्याला मार लागला. त्या क्षणी शेजारून दुसरी गाडी जात नव्हती, म्हणून तेवढ्यावर निभावले. हा माणूस चौदा वर्षे माझ्याकडे आहे आणि त्याला पुन्हा त्याच घाटातून पाठवण्याआधी नेमके काय चुकले हे मला समजून घ्यायचे आहे.

त्याचे म्हणणे असे, की वळणावर त्याने पायाचा ब्रेक दाबलाच नव्हता. गाडी खालच्या गिअरमध्ये होती आणि एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक, चालू होता. डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनाने फिरणारी हॉर्सची मागची चाके सरकली आणि त्याने स्टिअरिंग सावरेपर्यंत आरशात फक्त कंटेनर दिसू लागला. सुरुवातीला मला हे पटले नाही, कारण घाट गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका, एक्झॉस्ट ब्रेक वापरा, हेच आपण सर्वांना सांगत आलो आहोत आणि भरलेल्या गाडीसाठी ते योग्यच आहे. परंतु एक्झॉस्ट ब्रेकचा जोर फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांवर येतो, ट्रेलरची चाके मोकळीच धावत राहतात. रिकाम्या गाडीत त्या चाकांवर वजन कमी, रस्त्यावर उन्हाळाभर साचलेले तेल आणि धूळ पहिल्या सरीने कालवलेली, त्यात हॉर्सचे मागचे टायर रिमोल्ड केलेले, म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेले. अशा वेळी त्या चाकांची पकड सुटली, की ट्रेलर किंगपिनमधून (ट्रेलर हॉर्सला जोडणारी खुंटी) हॉर्सला ढकलत राहतो आणि हॉर्सची मागची बाजू बाहेर फेकली जाते, असे आता मला वाटू लागले आहे.

मात्र गॅरेजमध्ये दुसरीही गोष्ट आढळली. मेस्त्रींनी ट्रेलरच्या ब्रेक चेंबरच्या (हवेच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारा डबा) पुशरॉडवर, म्हणजे त्यातून बाहेर सरकणाऱ्या दांडीवर, खडूने खूण करून ब्रेक दाबायला लावला, तेव्हा दोन चाकांचा पुशरॉड सव्वादोन इंचांहून जास्त बाहेर आला. आमच्या तीस नंबर मापाच्या चेंबरला तो दोन इंचांच्या आत असायला हवा, जास्त बाहेर आला तर ब्रेक ढिला. म्हणजे ट्रेलरची ती चाके नावापुरतीच थांबत होती आणि सारा भार हॉर्सच्या ब्रेकवर येत होता. शिवाय हॉर्सला एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, पण त्याचा इशारा देणारा दिवा कित्येक महिने जळतच होता आणि आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. ही चूक माझी आहे.

माझे प्रश्न असे: या अपघाताचे मूळ कारण यांपैकी कोणते मानावे? पावसात रिकामी गाडी उतरवताना एक्झॉस्ट ब्रेक पूर्ण बंदच ठेवावा का? आणि पैसे मर्यादित असताना आधी टायर बदलावेत की ब्रेकचे काम करावे?

प्रतिसाद:

मी बरीच वर्षे कंटेनर चालवले आणि आता नव्या चालकांना शिकवतो. तुमच्या चालकाने पायाचा ब्रेक खरोखरच दाबला नसेल, तर ट्रेलरच्या ढिल्या ब्रेकचा या प्रसंगाशी थेट संबंध नाही. त्याचे म्हणणे मला खरे वाटते. रिकाम्या गाडीने ओल्या घाटात उतरताना वेग वळणाच्या बराच आधी, रस्ता सरळ असतानाच, पायाच्या हलक्या ब्रेकने कमी करावा, कारण तो ब्रेक सर्व चाकांवर वाटला जातो. वळणात शिरण्यापूर्वी एक्झॉस्ट ब्रेक बंद असावा. तरीही मागची चाके सरकलीच, तर एक्झॉस्ट ब्रेक सोडावा, क्लच दाबावा, ब्रेकला पाय लावू नये आणि हॉर्सचे तोंड रस्त्याच्या दिशेने ठेवावे. मात्र ठरावीक कोनापलीकडे गेलेली गाडी कोणालाच सावरता येत नाही, हे चालकाला अवश्य सांगा, म्हणजे तो स्वतःला दोष देणार नाही.

पायाच्या ब्रेकवर भिस्त ठेवायची, तर ट्रेलरचे ब्रेक आधी जुळवलेच पाहिजेत. ते काम टायरपेक्षा स्वस्त आहे, म्हणून आजच करा. टायर बदलायची वेळ येईल तेव्हा नवी जोडी डिफरन्शियलवर घाला. फिफ्थ व्हीलला, म्हणजे हॉर्सवरच्या ज्या तबकडीवर ट्रेलर टेकतो तिला, ग्रीस आहे का, तेही पाहा. एबीएस दुरुस्त करताना एक विचारून घ्या: काही गाड्यांमध्ये चाक सरकू लागताच एबीएस एक्झॉस्ट ब्रेक आपोआप सोडवते, तुमच्या गाडीत ती सोय आहे का? दुसऱ्या ट्रेलरचीही चावी फिरवून पाहा. एबीएसचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. तो लागतच नसेल, तर कोणी बल्ब काढून ठेवला आहे का ते तपासा.