घड्याळातला रोमन चार चुकीचा म्हणायचा का?

खडूफळा
रोमन आकड्यांच्या बहुतेक घड्याळांत ४ च्या जागी आय-व्ही नसतं, चार आय असतात. शाळेत मात्र एकच चिन्ह सलग तीनदाच चालतं. माझं मत: घड्याळं बरोबर आहेत, नियमच नंतर कडक झाला. (चिन्हं देवनागरीत लिहितोय: आय १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००.)

रोमच्या कोलोसियममध्ये ४४ क्रमांकाच्या दारावर एक्स-एल-आय-आय-आय-आय कोरलंय. चाळीस वजाबाकीने, चार बेरजेने, तेही एकाच आकड्यात! इ.स. ९ मध्ये वारुस या रोमन सेनापतीच्या लढाईत मेलेल्या काएलियुस या सैन्याधिकाऱ्याच्या स्मारकशिळेवर १८ व्या लीजनचा (सैन्यतुकडीचा) आकडा एक्स-आय-आय-एक्स आहे, म्हणजे दहा अधिक दहातून दोन वजा. खुद्द रोमनांनाच हा नियम ठाऊक नव्हता म्हणायचं.

पट्टीधारी
दगडावर कोरलं म्हणून प्रमाण होत नाही. मोकळीक दिली की पोरं ४९ ला आय-एल आणि ९९ ला आय-सी लिहून मोकळी होतात, कारण ती अख्खी संख्या एकदम बघतात. आधी स्थानांप्रमाणे फोडायची. १९४९ म्हणजे १०००, ९००, ४०, ९. एकेक तुकडा लिहा: एम, सी-एम, एक्स-एल, आय-एक्स. मग नुसतं जोडायचं.

वजा करायला तीनच चिन्हं. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी, एक्स फक्त एल आणि सीच्या, सी फक्त डी आणि एमच्या. व्ही, एल, डी वजाही होत नाहीत आणि सलग दोनदाही येत नाहीत. दोन व्ही लिहायचे तर एक्स आहेच की.

खडूफळा
पद्धत मान्य. पण "एकच रूप बरोबर" हे नाही. एक्सेलचं रोमन सूत्र ४९९ ला सी-डी-एक्स-सी-आय-एक्स देतं. त्याच सूत्रात दुसरा आकडा (किती आटोपशीर लिहायचं तो) ४ टाका, आय-डी येतं. आणि लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी आर्चवर १९१० लिहिताना चार सी सलग आहेत.

लंबक
ज्युपिटर या रोमन देवाच्या लॅटिन नावाची पहिली अक्षरं आय-व्ही, ती नकोत म्हणून चार आय, ही लोणकढी कुणी आणायच्या आत सांगतो: तबकडीचा हिशेब बघा. चार आय घेतले की पहिल्या चार आकड्यांत फक्त आय, पुढच्या चारांत व्ही, शेवटच्या चारांत एक्स. शिवाय समोरच्या आठाच्या रुंदीला तोल मिळतो. पाय मध्याकडे असलेले खालचे आकडे उलटे दिसतात, तिथे आय-व्ही आणि व्ही-आय यांची गल्लत होते ती वेगळीच. तरी बिग बेनच्या तबकडीवर आय-व्हीच आहे, म्हणजे घड्याळजींचंही एकमत नाही.

पट्टीधारी
वाचताना अडचण नाहीच. डावीकडून चला, पुढचं चिन्ह मोठं असेल तर हातातलं वजा, नाहीतर अधिक. चार आय आले तरी उत्तर चारच. प्रश्न लिहिण्याचा आहे. पाचवीच्या पेपरात चार आयना मार्क देणार का?

खडूफळा
"४ रोमन चिन्हांत लिहा" असेल तर नाही. घड्याळाचं चित्र देऊन "तबकडीवरचा आकडा उतरवा" म्हटलं असेल, तर कापून दाखवा!