मदत हवी आहे: ५४ मिमीच्या गोलंदाजांसाठी गुराबेचा डेक (फळ्या वाकल्या, काळं पसरलं)

मंडळी, नमस्कार.

सोसायटीतली पोरं मोठी झाली, दिवाळीचा किल्ला बंद पडला, पण माझी खुमखुमी काही जात नाही. गेल्या वर्षभरात रेझिनचे चार गोलंदाज (तोफ डागणारे) रंगवले. ५४ मिलिमीटर उंचीचे, म्हणजे १:३२ प्रमाणाच्या आसपास. एकाच्या हातात पेटती बत्ती, एक गोळा उचलतोय, एकाकडे ठासणीचा गज, आणि चौथा नुसताच ओरडतोय (तो सगळ्यात छान जमलाय). त्यांना उभं करायला आंग्र्यांच्या गुराबेचा (मराठा आरमारातलं लढाऊ जहाज) डेक करायचाय. सगळा नाही, नाळेकडचा (जहाजाच्या पुढच्या टोकाचा) २० × १५ सेंटिमीटरचा तुकडा.

नाळेकडचाच का, तर गुराबेची गंमत तिथेच आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी वर्णनांत ती मधे रुंद आणि पुढे निमुळती होत गेलेली दिसते. दोन डोलकाठ्यांची सुमारे १५० टनांची, तीन डोलकाठ्यांची ३०० टनांपर्यंत. डेक आणि नाळ यांच्यामध्ये फळ्यांची आडवी भिंत, तिला दोन खिडक्या, त्यांतून ९ किंवा १२ पौंडी दोन तोफा नाळेवरून थेट समोर मारा करणार. बेसच्या मागच्या कडेला ती भिंत उभी केली की आपोआप पडदा तयार, असा हिशोब.

आता रडगाणं.

अप्पा बळवंत चौकातून आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट आणलं. काड्यांच्या कडांना काळा पर्मनंट मार्कर फिरवला, फळ्यांच्या सांध्यातलं डांबर दिसावं म्हणून. मग ६ मिमी एमडीएफवर फेव्हिकॉल पाण्यात सैल करून ओतला आणि काड्या शेजारी शेजारी बसवल्या. दिवस ऑगस्टचे. तिसऱ्या दिवशी पाहतो तर एमडीएफची होडी झालेली, दोन्ही टोकं वर. तरी धीर धरला. वरून लाखेच्या पॉलिशचा एक हात मारला आणि ब्रश फिरतो तिथे मार्करचं काळं डोळ्यांदेखत पसरायला लागलं. प्रत्येक सांध्याला दोन मिलिमीटरचा जांभळट पट्टा. १:३२ ला त्याचे सहा सेंटिमीटर होतात. एवढं डांबर कुठल्या जहाजाला लागत असेल?

तर प्रश्न असे. हा बेस वाचेल का? सांध्याची काळी रेघ कशाने काढू? आणि बोहरी आळीत एकांनी सागवानी व्हिनियरचे उरलेले तुकडे देऊ केलेत. जहाजं सागवानाचीच असत, तेव्हा तेच वापरावं ना?

सुतारपक्षी
वाचणार नाही, सोडून द्या. एमडीएफला एका अंगाने पाणी पाजलंत, दुसरं अंग कोरडं. ते वाकणारच. कपाटाच्या दाराला आम्ही आतूनही लॅमिनेट मारतो ते याच कारणासाठी. नवीन बेसला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून १२ मिमी मरीन प्लायचा तुकडा उचला, शिक्का आयएस ७१० असलेला. खालच्या बाजूलाही तशाच काड्या नाहीतर जाड कागद चिकटवा. फेव्हिकॉलमध्ये पाणी घालू नका. बोटाने पातळ थर द्या, एका वेळी चार-पाच काड्याच बसवा, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर पोळपाट आणि त्यावर पाटा.

काळं का पसरलं, तर लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये असतं आणि मार्करची शाई स्पिरिटमध्ये विरघळते. काळा कार्डपेपर अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्यांत कापा आणि दोन काड्यांच्या मधे उभा चिकटवा. वाळला की वर आलेला भाग ब्लेडने कापून सगळं एकदम घासा. रेघ अशी येईल की मोजून घ्या.

दर्यावर्दी
काड्यांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. आइस्क्रीमची काडी १० मिमी रुंद, म्हणजे ३२ सेंटिमीटरची फळी. डेकला फार रुंद झाली. कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या साधारण ६ मिमीच्या असतात, त्या १९ सेंटिमीटरच्या दिसतील. त्या घ्या. फळीचं टोक नेहमी खालच्या तुळईवर येतं आणि शेजारच्या फळीचं टोक त्याच तुळईवर येत नाही. मधे निदान तीन फळ्या सोडा. फरशा लावल्यासारखे सांधे एका ओळीत आले, की माणसं कितीही सुंदर रंगवलेली असोत, नजर तिथेच जाते.

आणि माफ करा, पण त्या पुढच्या दोन तोफा उघड्यावर नव्हत्या. त्यांच्या वर आणखी एक छोटा डेक असे. तो पूर्ण केलात तर ओरडणारे गृहस्थ अंधारात जातील. दोन तुळया आणि अर्धवट कापलेल्या चार फळ्या दाखवा, पुरे.

पेठेतला
१७५६ साली नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं आणि विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. आता पुण्यातच गुराब बांधली जातेय. प्रायश्चित्त म्हणून जरा चांगली करा.

मृण्मयी_क
सागवानाचा मोह टाळा. लाकूड खरं असलं तरी त्याच्या रेषा लहान होत नाहीत. ६ मिमीच्या फळीवर सागाची छिद्रं भोकं पडल्यासारखी दिसतात. मी एकदा केलंय आणि उखडलंय. काडीचं पांढरट, बारीक पोताचं लाकूडच बरं. नाहीतर हेदूचं लाकूड मिळालं तर बघा.

रंगही तांबूस, चकचकीत नको. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात लाकूड राखाडी पडतं. भांडी घासायची लोखंडी लोकर व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा, झाकण सैल ठेवून. काडीला आधी कडक, बिनदुधाचा चहा दोनदा लावून वाळवा (त्यातलं टॅनिन लागतं, या काड्यांत ते फारसं नसतं), मग व्हिनेगरचं पाणी. पंधरा मिनिटांत राखाडी होतं. हे सगळं चिकटवायच्या आधी, सुट्या काड्यांवर, दोन्ही बाजूंनी. हा डाग लोखंडाचा आहे, पॉलिशने हलत नाही. तरी वर लाख नको, मॅट वॉर्निशच मारा.

माणसांच्या पायात १ मिमीची पितळी तार बसवून ती डेकमध्ये रोवा. नुसत्या गोंदावर उभी राहिलेली माणसं पहिल्या फडक्याला पडतात.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. सुतारपक्षी, जुना बेस काल पाण्यात टाकला. काड्या सुटल्या, एमडीएफचा लगदा झाला.

मृण्मयीताई, दहा काड्यांवर चहा-व्हिनेगर करून पाहिलं. सात अगदी जेट्टीवरच्या फळ्यांसारख्या झाल्या, तीन निळसर काळ्या पडल्या. बहुधा चहा नीट वाळला नव्हता. त्या तीन आडव्या भिंतीला वापरतो. दर्यावर्दी, तुळयांचं पटलं, तोफांवर अर्धाच डेक दाखवतो. गोळ्यांचं मात्र माझं मीच सोडवलं. ९ पौंडी गोळा चार इंची, १:३२ ला एक अष्टमांश इंच. बेअरिंगचे छर्रे नेमके त्या मापाचे मिळतात. वीस आणले, सहा स्वयंपाकघरात सांडले, चार सापडले.

आता फक्त दोर राहिला. तोफ फार मागे सरकू नये म्हणून बांधतात तो, १:३२ ला दीड मिलिमीटरच्या आसपास. शिवणाचा दोरा पिळला तर त्याची लव दिसते. ती कशी घालवायची? मेणबत्ती फिरवू का?

सुतारपक्षी
मेणबत्ती नको, पांढरं पडतं. मधमाशांचं मेण घ्या. दोरा दोनदा त्यातून ओढा आणि लांबूनच आचेवरून झरकन न्या. उरलेले दोन छर्रे फ्रिजखाली बघा.