दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं गळ्यात घालावं का?

मानसी_लंडन: चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने पेंडंट दिलं. त्यात रोमन सम्राट टायबेरियसचं चांदीचं डेनारियस नाणं आहे, अस्सल. एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला हातात फांदी घेऊन बसलेली स्त्री. नाणी जमवणारा माझा मामेभाऊ बघून म्हणाला, "ताई, हे पाप आहे." मला पटत नाही. कपाटात पडून राहण्यापेक्षा अंगावर असलेलं काय वाईट?

जुनीनाणी: तुमच्या भावाचं बरोबर आहे. नाण्याला डाख देऊन कडी बसवली की ते तापतं, काठाजवळची अक्षरं बुजतात. भोक पाडलं तर ते कायमचं. त्यात सोनार आधी लख्ख घासून देतो, म्हणजे शतकानुशतकं चढलेली काळसर झाक एका बैठकीत गेली. इतका काळ जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळही होते, हातातून पडली तर टवका उडतो. अख्खं नाणंच पावणेचार ग्रॅमच्या आसपास असतं, त्यातलं काय काय घालवायचं?

पुतळीमाळ: मानसीताई, खुशाल घाला. रोमन लोक स्वतःच तिसऱ्या शतकात सोन्याची नाणी जाळीदार चौकटीत बसवून गळ्यात घालत होते. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीच्या नकला सापडल्या आहेत, ओवायची सोय असलेल्या. आपल्या पुतळ्यांच्या माळेकडेच बघा, व्हेनिसच्या डकॅट नाण्यांनाही इथे पुतळीच म्हणत. भारतात मिळालेल्या टायबेरियसच्या काही नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे, आणि त्या घावाचा आज अभ्यास होतो. मग आजच्या कडीलाच नावं का ठेवायची?

जुनीनाणी: कारण तेव्हा टाकसाळ चालू होती. आता एक बिघडलं की एक कमी झालं.

पुतळीमाळ: हे काही दुर्मीळ नाणं नाही हो. बायबलमधल्या कराच्या गोष्टीतलं नाणं म्हणून याला मागणी आहे आणि बाजारात भरपूर मिळतं. एकमेव नमुना असता तर मीही नको म्हटलं असतं.

शेतातलाखजिना: कडी नि भोक राहू द्या, हे आलं कुठून ते विचारलंत का? ब्रिटनच्या १९९६ च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली दोन किंवा जास्त नाणी एकाच ठिकाणी सापडली तर कळवावं लागतं. कोणी न कळवता ठेवा फोडला आणि एकेक नाणं पेंडंटमध्ये बसवून विकलं, तर माग लागणार कसा? कुठे, कशाबरोबर, किती खोल पुरलं होतं, सगळं गेलं. मला तर भोकापेक्षा याचाच राग येतो.

मानसी_लंडन: भिंग लावून पाहिलं. डाख नाही, भोक नाही. चांदीच्या कड्यात चार नख्यांनी धरलंय, नख्या उचलल्या की सुटं होईल. बिलावर मात्र फक्त 'प्राचीन रोमन नाणं' एवढंच आहे, कुठून आलं ते नाही. दुकानदाराला आजच मेल केली. पेंडंट मी घालणारच.

जुनीनाणी: मला अजूनही पटलेलं नाही. घालणारच असाल तर अत्तर मारताना आणि आंघोळीला काढून ठेवा. आणि पॉलिशला कधीही देऊ नका.