'नर-मादी' म्हणायचीही आता चोरी?

खडूफळा: काल इथे एकाने कौतुकाने लिहिलं की 'नर-मादी' हे शब्द आता टाकून द्यावेत, 'शुक्राणू तयार करणारा' आणि 'अंडपेशी तयार करणारा' म्हणावं. आधार काय, तर अमेरिका-कॅनडातल्या काही परिसरशास्त्रज्ञांनी 2023 मध्ये काढलेली, टाळावेत अशा शब्दांची यादी. नाहीतर क्रोमोसोमवरून नराला एक्सवाय, मादीला एक्सएक्स म्हणा म्हणे. अहो, कोंबडा झेडझेड असतो, कोंबडी झेडडब्ल्यू! वेळासच्या कासवांत तर क्रोमोसोमचा संबंधच नाही, वाळू जास्त तापली की माद्या जास्त. आणि अंडी द्यायची थांबलेली कोंबडी कोण मग? बारावीच्या पोरांना हे मी शिकवायचं?

सदाफुली: सर, ती सुचवणी आहे, जीआर नाही. त्याच यादीत 'इन्व्हेजिव्ह' (बाहेरून येऊन फोफावणाऱ्या प्रजातींसाठीचा) शब्दही आहे, त्यावर कोणी चिडलं नाही. नर-मादी आलं की सगळ्यांच्या अंगात येतं.

काळी_माती: नर-मादीचं निघालंच आहे तर... नर्सरीवाल्याने देशी पपईची रोपं 'सगळी मादी' सांगून दिली. निम्म्यांना लांब देठांवर फुलांचे झुपके, फळ एक नाही.

नीरा_काठ: रोपावरून कळतच नाही हो, फुलं येईस्तोवर थांबावं लागतं. तैवान 786 लावा. त्यात मादी आणि उभयलिंगी झाडंच निघतात.

काळी_माती: उभयलिंगीचं फळ लांबट ना? व्यापारी गोल घेत नाही.

नीरा_काठ: हो, गोल मादीचं. देशीत नर सगळे उपटू नका, दहा-पंधरा झाडांमागे एक ठेवा.

खडूफळा: धागा पपईचा नाही!

सदाफुली: पपईत तीन प्रकार चालतात, माणसांत मात्र सरांना दोनच खण हवेत.

खडूफळा: तोंडी शब्द घालू नका. मी असं कुठे लिहिलंय?

मुक्ता_प: माझ्या मावसबहिणीला पाळी आली नाही म्हणून तपासण्या केल्या. क्रोमोसोम एक्सवाय. शरीर अ‍ॅण्ड्रोजेनला, म्हणजे पुरुषी संप्रेरकांना, दाद देत नाही, एवढंच. ओपीडीत पडद्याबाहेर रांग, आणि आतून डॉक्टर खणखणीत आवाजात 'मेल स्यूडोहर्माफ्रोडाइट', म्हणजे 'खोटा उभयलिंगी पुरुष'! 2005 मध्येच शिकागोच्या परिषदेत तज्ज्ञांनी हा शब्द टाकून 'डीएसडी' सुचवला होता, म्हणजे 'डिसऑर्डर्स ऑफ सेक्स डेव्हलपमेंट', लैंगिक जडणघडणीतले विकार. त्यातल्या पहिल्या 'डी'ला 'डिसऑर्डर' म्हणायचं की 'डिफरन्स', यावर अजून भांडण आहे. ती वर्षभर कॉलेजला गेली नाही. आणि सदाफुली, तुमच्या नव्या यादीतही तिला जागा नाही. ती ना शुक्राणू तयार करते, ना अंडपेशी.

सदाफुली: ...हे पटलं. पण म्हणून जुनंच बरं असं होत नाही.

खडूफळा: मुक्ताताई, दवाखान्यापुरतं मान्य. तिथे शब्द जपूनच हवा. घ्या, एक गुण दिला. वर्गात मात्र कोंबडी मादीच.

मुक्ता_प: कोंबडीची तक्रार कोणी केली होती, सर? वर्गातल्या एखाद्या मुलीचा रिपोर्टही असाच असू शकतो, तेवढं ध्यानात ठेवा.

काळी_माती: नर्सरीवाला फोन उचलत नाहीये. नर आत्ताच उपटू की पाऊस होऊ दे?