त्सुनामीनंतर मदतीचा घोळ होऊ नये म्हणून गावाने आधी काय ठरवून ठेवावं?

बंदरावरची (दापोली तालुका)

नमस्कार मंडळी. आमचं गाव हर्णैपासून फार लांब नाही. गावाच्या आपत्ती आराखड्यात त्सुनामीचं पान भरायचंय आणि ग्रामसभेत ते काम माझ्या गळ्यात पडलं. बचत गटाची वही नीट ठेवते, एवढीच माझी लायकी! पळायचं कुठे हे सोपं आहे, पाखाडीच्या पायऱ्या चढून सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरच्या, शाळेत. भोंगा कोणी वाजवायचा तेही ठरलंय. घोडं अडलंय ते त्याच्या पुढे. लाट ओसरली, माणसं सड्यावर आहेत आणि दुसऱ्या दिवसापासून गाड्या यायला लागल्या, तर माल कोणी उतरवून घ्यायचा, कुणाला द्यायचा, आणि हिशेब कुणी कुणाला द्यायचा?

भीती कसली ते सांगते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा डांबरी रस्त्याला लागून असलेल्या वाडीत ताडपत्र्या दोन-दोनदा आल्या. वरच्या वाडीत एका घरावर धड कौल नव्हतं, तिथे टेम्पो चढलाच नाही. मेणबत्त्या मात्र इतक्या आल्या की गणपती झाले तरी संपेनात. वादळात घरं निदान जागच्या जागी होती. लाटेत होड्या, जाळी, रेशनकार्डं, सगळंच जाईल. असं काम कोणी जवळून पाहिलंय का? "आपल्या बाजूला त्सुनामी येत नाही" हे ऐकून झालंय, ते कृपया नको.

खाडीकाठ

येत नाही कसं? नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या (पाकिस्तान-इराणच्या) किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, त्याची लाट काही तासांनी मुंबईपर्यंत पोचली होती आणि तिथेही माणसं गेली. आता हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेत २००७ पासून त्सुनामीचं इशारा केंद्र आहे, त्यामुळे मकरानकडून काही आलं तर सड्यावर जायला वेळ मिळेल. एक मात्र पानावर ठळक लिहा: लाटा एकामागून एक येतात आणि पहिलीच सर्वांत मोठी असेल असं नाही. पाणी मागे गेलं म्हणून होडी बघायला कोणी खाली उतरायचं नाही. इशारा मागे घेतल्याचं कळेपर्यंत मदतवाल्यांनीही नाही.

नाट्याचा इंजिनवाला

ताई, मी होड्यांच्या इंजिनांचा मेकॅनिक. २००५ च्या सुरुवातीला एका ओळखीच्या मच्छीमार सोसायटीच्या निरोपावरून नागपट्टिनमला गेलो होतो. तमिळचा गंध नव्हता, पण पिस्टन कुठल्याही भाषेत जाम होतो. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेत त्या एका जिल्ह्यात ६,००० हून जास्त माणसं गेली. आकडा पेपरात वाचणं वेगळं आणि बंदरावर एकावर एक चढलेल्या होड्या बघणं वेगळं.

माल कमी नव्हता. रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, देशभरातून आलेले, त्यात स्वेटरसुद्धा. तिथल्या कोळणी त्याला हात लावेनात. घर गेलं म्हणून परक्याचं उतरलेलं लुगडं नेसायचं का? पुढे ते ढीग उचलायला माणसं लावावी लागली, म्हणजे मदत करायला आलेलं सामान हेच एक काम होऊन बसलं. तुमच्या मेणबत्त्या त्याच जातीच्या.

शेकडो संस्था तिथे उतरल्या होत्या. तिथे मच्छीमारांत काम करणारी 'स्नेहा' आणि मच्छीमार सोसायट्यांचा महासंघ 'सिफ्स' यांनी जानेवारीच्या सुरुवातीलाच कलेक्टर कचेरीत एक समन्वय केंद्र मांडलं. युक्ती साधी होती. कुठल्या गावाला काय हवं आणि कोण काय द्यायला तयार आहे, हे दोन्ही एकाच ठिकाणी, आणि सरकारच्या दाराशी. गावागावांत माहिती केंद्रंही काढली. त्यातून सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही, पण दोन संस्था एकाच गावात आणि शेजारचं गाव कोरडं, हे दिसायला तरी लागलं. दिसलं की लाज वाटते आणि गाडी वळते.

आता माझ्या धंद्याचं. खाऱ्या पाण्यात बुडालेलं इंजिन लवकर उघडून गोड्या पाण्याने धुतलं आणि तेल दिलं तर पुष्कळदा वाचतं. वाळूत पडून राहिलं की भंगार. म्हणून पहिल्या आठवड्यात दुरुस्तीवाले, गोडं पाणी आणि तेल पोचायला हवं. पण देणाऱ्याला दुरुस्ती आवडत नाही, त्याला नवी होडी आवडते. फोटो येतो, फळीवर नाव रंगवता येतं. तिथे फायबरच्या नव्या होड्या इतक्या वाटल्या गेल्या की काही गावांत लाटेआधी होत्या त्याहून जास्त झाल्या. कालचा खलाशी मालक झाला हे चांगलंच, पण मग होडीवर हात कुठून आणायचे? दर्यातलं म्हावरं तर तेवढंच. सिफ्सची माणसं हे तेव्हाच ओरडून सांगत होती.

आणि यादी. तिथे मदत मुख्यतः होडीवाल्यांच्या गावांत आणि मच्छीमार पंचायतींमार्फत गेली. मासळी विकणाऱ्या बायका, मिठागरातले आणि शेतातले मजूर, दलित वस्त्या मागे राहिल्या. हे नंतर पुष्कळ अहवालांत आलंय. आपल्याकडे असं कोण मागे राहील? होड्यांवरचे नेपाळी खलाशी. रेशनकार्ड नाही, मतदारयादी नाही, आडनाव कुणाला ठाऊक नाही. कातकरी. भाड्याच्या ओट्यावर सुकट विकणारी विधवा, जिचा होडीत हिस्सा कागदावर नाही. म्हणून घर मोजू नका, माणूस मोजा, वाडीवार. एक प्रत सड्यावरच्या शाळेत, एक गावाबाहेर कोणाकडे तरी.

टेबल एकच ठेवा. त्यावर दोन बायका बसवा, बाप्ये नकोत. बाप्ये टेम्पो दिसला की धावतात.

निवृत्त सर्कल

वरचं सगळं पटलं, फक्त टेबल सरकारला समांतर उभं करू नका. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याचं प्राधिकरण आहे, अध्यक्ष जिल्हाधिकारी. तुमची रोजची यादी तहसीलच्या नियंत्रण कक्षात गेली तर बाहेरच्या संस्थांना तिथूनच तुमच्याकडे वळवता येईल.

सरकारी मदत पंचनाम्यावर चालते. मी भरपूर पंचनामे केलेत. तलाठी वाहून गेलेली होडी मोजू शकत नाही, तो कागद मागतो. होडीचा नोंदणी क्रमांक, इंजिनाचा नंबर, किनाऱ्यावर उभ्या होडीचा फोटो, हे आजच काढून सोसायटीकडे ठेवा. आसऱ्याच्या जागेसाठी मदतसंस्था धरतात ते माप असं: माणशी रोज १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक संडास. सड्यावरच्या शाळेत किती संडास आहेत ते मोजून बघा, मग कळेल पान किती कोरं आहे.

विहिरींबद्दल एक. समुद्राचं पाणी शिरलं की लोक पंप लावून विहीर तळापर्यंत उपसतात. किनाऱ्याजवळ तसं केलं तर खालचं खारं पाणीच वर ओढलं जातं. कचरा काढावा, बेताने उपसावं, पिण्याचं पाणी टँकरने घ्यावं. जांभ्यातून पाऊस मुरला की गोडवा हळूहळू परत येतो.

बंदरावरची

संडास दोन. दोनच! हे आजच सरपंचांना सांगते. नेपाळी पोरांचा तर आम्ही कुणी विचारच केला नव्हता, मोसमात बंदरावर रोज दिसतात तरी. टेबलावर बायका हे ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे, काय होईल ते होवो. एक शंका राहिली. नको असलेला माल घेऊन कोणी पुढारी स्वतः टेम्पोत बसून आला, तर "नाही" कसं म्हणायचं?

नाट्याचा इंजिनवाला

तोंडाने म्हणूच नका. शाळेचा फळा बाहेर काढा. 'आज हवं: क्लोरीनच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, भांडी, डिझेल. आज नको: कपडे, बिस्किटं, बाटलीचं पाणी.' खाली तारीख आणि तहसीलचा शिक्का. फळ्याशी भांडायला पुढाऱ्यालाही अवघड जातं. तोच फळा रोज सकाळी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर सोडा, म्हणजे गाडी पुण्या-मुंबईत भरायच्या आधी कळेल. तरीही उतरवलंच, तर वरच्या गावाला विचारून तीच गाडी पुढे काढा, वखार करू नका.

आणि खलाशांची यादी मालकाकडून घेऊ नका, होडी चालवणाऱ्या तांडेलाकडून घ्या. नारळी पौर्णिमेच्या सुमारास नवी पोरं येतात, तेव्हाच नाव, गावाकडचा फोन आणि होडीचं नाव लिहून घ्यायचं. मोसमाच्या मध्येही पोरं होडी बदलतात, म्हणून दिवाळीला एकदा परत.