अभिषिक्त तेलाची बाटली: श्रद्धा की खोटा धर्म?

नगरकर: सलाम मंडळी. आमच्या आत्याला पंधरा वर्षांपासून साखर. गेल्या महिन्यात आजार बरे करायच्या प्रार्थनेच्या एका आरोग्य-सभेतून २५० रुपयांची बाटली आणली. आत खोबरेल, वर 'अभिषिक्त' असं स्टिकर. गोळी घेणं म्हणजे अविश्वास, असं तिथे सांगितलं, म्हणून हिने गोळ्या बंद केल्या. परवा ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. ख्रिस्ताच्या नावाखाली चाललेला हा खोटा धर्म आहे. आपल्या पाळकांनी पुलपिटावरून तसं स्पष्ट बोलायला हवं.

प्रार्थनावीर: दादा, बायबलमधलं याकोबाचं पत्र, ५:१४ वाचा. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करा, असं शास्त्रच सांगतं. माझ्या आईने अशाच प्रार्थनेनंतर अंथरूण सोडलंय. एक लबाड निघाला म्हणून तेलच खोटं?

नगरकर: तेल खोटं कुठे म्हटलं? याकोबात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठांना, बोलवायचंय. पावती फाडायचं त्यात नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर स्वतः वैद्य. आणि प्रेषित पौलाचा सहकारी तीमथ्य, त्याचं पोट बिघडायचं, तर पौल त्याला थोडा द्राक्षारस घे म्हणतो, विश्वास कमी पडला म्हणत नाही.

केडगाव लाइन: शिक्का मारायची घाई नको. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडून, ओरडून प्रार्थना करायच्या, तेही बघणाऱ्या कित्येकांना विचित्रच वाटलं होतं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. आज त्यांचीच पदं आपण दर रविवारी म्हणतो.

नगरकर: मान्य. पण रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतल्यावरही गुरूंशी पत्रातून वाद घातले, पटेपर्यंत मान हलवली नाही. बायबलमधल्या बिरुया गावच्या लोकांनी तर पौलाचंही बोलणं शास्त्राशी ताडून पाहिलं. या सभेत मी एक प्रश्न विचारला, तर "सैतान बोलतोय".

प्रार्थनावीर: विचारण्याचीही एक रीत असते.

वसईची सून: आम्ही कॅथलिक. मेणबत्त्या, आशीर्वादित पाणी, नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, सगळं आहे आमच्याकडे. तुमच्यातले काही त्यालाही खोटंच म्हणतात, असो. पण आमचे फादर "आधी डॉक्टरकडे जा" म्हणतात. माझी रेघ तिथे. आत्या गोळ्या घेतायत का आता?

नगरकर: घेतेय. बाटली मात्र बायबलशेजारीच आहे. काल उचलायला गेलो तर म्हणाली, "ठेव खाली. अडीचशे मोजलेत."